हसू कुणाच्या बाजूचं?

पहाटे साडेपाच

चहा उकळेपर्यंत ओट्याशी उभी राहून मी मोठ्यानं वाचते. मुलांसाठीचं कुठलंही पुस्तक शाळेच्या वाचनालयात न्यायच्या आधी त्याची चार पानं आवाजात वाचायची, हा माझा नेम आहे. नुसत्या डोळ्यांनी वाचताना लेखकाचं पुष्कळ खपून जातं. आवाजात वाचलं की वाक्य कुठं अडखळतंय, विनोद कुठं ओढून आणलाय आणि लेखक गोष्ट सोडून कुठं शिकवायला बसलाय, हे लगेच समजतं.

आज हातात आहे ते कुणीतरी शाळेला भेट दिलेलं पुस्तक. मुलांना संवेदनशील बनवणाऱ्या गोष्टी आहेत, असं प्रस्तावनेत आवर्जून सांगितलंय. पहिल्या गोष्टीत एक श्रीमंत मुलगा वर्गातल्या गरीब मुलाला आपला डबा देतो आणि बाई त्याची पाठ थोपटतात. श्रीमंत मुलाला नाव आहे, आडनाव आहे, आवडता खेळ आहे. दुसरा मुलगा शेवटच्या ओळीपर्यंत ‘गरीब मुलगा’च राहतो. तो एकदाही बोलत नाही, कशावर चिडत नाही, कशाला हसत नाही. डबा घेताना त्याला काय वाटलं, हे लेखकाच्या मनातही आलेलं नाही. ज्याच्याविषयी माया वाटायला हवी त्याला साधं नाव नसेल, तर वाचणाऱ्या मुलाच्या हाती फक्त आपण चांगले असल्याचं समाधान उरतं. पुस्तक मी बाजूला ठेवते.

मुलांना दुसऱ्याचं मन कळावं म्हणून पुस्तक द्यायचं, तर आपल्याकडे पहिला हात रडवणाऱ्या पुस्तकाकडे जातो. डोळ्यांत पाणी आलं म्हणजे संस्कार झाला आणि हसू आलं म्हणजे वेळ गेला, अशी समजूत घराघरांत आहे. मला ती पटत नाही. मूल ज्याच्याबरोबर पोटभर हसतं, त्याला ते आपला मानतं आणि मग त्याच्या दुःखाशी त्याचा संबंध जुळतो. पुस्तक निवडताना माझा पहिला प्रश्न तेवढाच असतो: यातलं हसू कुणाच्या बाजूचं आहे?

सकाळी सात वीस

परिपाठात आज आठवीची पाळी होती. त्यांनी ‘श्यामची आई’मधली अळणी भाजीची गोष्ट निवडली होती, आणि या निवडीचा मला फार आनंद झाला. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. तेव्हापासून ते रडण्याचं पुस्तक म्हणूनच ओळखलं जातं. पण त्यात हसूही भरपूर आहे. पोहायला जायला नको म्हणून माळ्यावर दडून बसलेला श्याम आणि काठी घेऊन त्याला शोधणारी आई, हा प्रसंग वर्गात वाचला की मुलं हसून लोळतात.

अळणी भाजीत तर दोन्ही आहे. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील एक अक्षर न बोलता जेवतात, उलट भाजीचं कौतुक करतात. मुलं त्यांच्याकडे बघतात आणि तीही गप्प जेवतात. आई शेवटी जेवायला बसते तेव्हा तिला कळतं. ताटाभोवतीच्या त्या चोरट्या नजरा वाचताना मुलांना हसू फुटतं. ते हसू आईवर नसतं. सगळे मिळून एक गुपित सांभाळताहेत, त्या गमतीचं ते असतं. दुसऱ्याला वाईट वाटू नये म्हणून माणसं काय काय करतात, हे सांगायला गुरुजींना चिमूटभर मीठ पुरलं.

रांगा वर्गाकडे निघाल्या तेव्हा सातवीतली एक मुलगी माझ्याजवळून जाताना म्हणाली, “बाई, आमच्याकडे भाजी अळणी झाली की ताट सरकतं.” मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. मधल्या सुट्टीत ये म्हटलं.

साडेआठ

सहावीचा वाचनालयाचा तास. आठवडाभर यांना ‘तोत्तोचान’ वाचून दाखवते आहे. तेत्सुको कुरोयानागी या जपानी अभिनेत्रीनं स्वतःच्या लहानपणावर लिहिलेलं हे पुस्तक १९८१ साली जपानीत आलं. चेतना सरदेशमुख गोसावी यांचा मराठी अनुवाद नॅशनल बुक ट्रस्टनं काढला आहे. पहिलीतच शाळेतून काढून टाकलेली एक मुलगी आगगाडीच्या जुन्या डब्यांत भरणाऱ्या तोमोए नावाच्या शाळेत येते. मुख्याध्यापक कोबायाशी पहिल्याच दिवशी तिचं बोलणं चार तास ऐकून घेतात. खोड्या मुलीच्या, पण त्या सांगताना तिला कुठं कमीपणा येणार नाही याची लेखिका शेवटपर्यंत काळजी घेते.

आज पाकिटाचा प्रसंग होता. तोत्तोचानचं आवडतं पाकीट संडासात पडतं. ती शिपाईकाकांचा लांब दांड्याचा लाकडी डाव आणते आणि मागच्या टाकीतला मैला उपसायला लागते. शेजारी ढीग वाढत जातो. मुख्याध्यापक तिथून जातात, काय चाललंय विचारतात, ती सांगते. ते रागावत नाहीत, मदतही करत नाहीत. काम झालं की सगळं परत टाकीत भरशील ना, एवढंच विचारतात.

वर्गात “शी!” आणि “ई!”चा एकच कल्लोळ झाला. कुणी नाक धरलं, कुणी बाकावर डोकं आपटून हसलं. मी थांबले. असं हसू मध्ये तोडायचं नसतं. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, “माझे पप्पा ड्रेनेजलाच आहेत.”

दोन-चार जण आणखी हसले. तो हलला नाही. म्हणाला, “झाकण उघडलं की लगेच वाकून बघायचं नसतं. गॅस असतो आत. पप्पा आधी झाकण काढून तसंच ठेवतात थोडा वेळ.” मग एकानं विचारलं, झाकण किती जड असतं? दुसऱ्यानं विचारलं, आत उतरतात का? तो म्हणाला, “आता गाडी येते पाइपची. आधी उतरायचे. आता उतरायला बंदी आहे, कायदा आहे.” आहेच, २०१३ सालचा. मी त्याला दुजोरा दिला आणि सुरक्षेची साधनं न देता गटारात माणूस उतरवणं हा त्या कायद्यानं गुन्हा आहे, एवढंच सांगितलं. बाकीचा तास त्यानंच घेतला. पहार कशी लावतात, पावसाळ्यात रात्री-अपरात्री फोन कसे येतात, घरी आल्यावर पप्पा आधी बाहेरच अंघोळ करतात आणि मगच धाकट्या बहिणीला उचलतात. शेवटी एक मुलगी म्हणाली, “तोत्तोचानला तुझ्या पप्पांनी पाकीट काढून दिलं असतं.” तेव्हा पुन्हा सगळे हसले आणि या वेळी सर्वांत मोठ्यानं तो हसला.

गोष्ट संपल्यावर “मग आपण काय शिकलो?” हा प्रश्न मी विचारत नाही. तो विचारला की मुलं ताठ बसतात आणि बाईंना हवं ते उत्तर देतात. आज तो विचारला असता, तर ‘स्वच्छता पाळावी’ असं काहीतरी फळ्यावर आलं असतं आणि त्या मुलाला तोंड उघडायला जागाच उरली नसती.

सव्वादहा

मधली सुट्टी म्हणजे पुस्तकं बदलण्याची गर्दी. पाचवीतला फुरसुंगीहून येणारा एक मुलगा ‘फास्टर फेणे’ सोडायला तयार नाही. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे त्याच्याच गावचा, म्हणून त्याला तो नात्यातला वाटतो. पुढचा भाग दिला. एकीला माधुरी पुरंदरेंचं ‘बाबांच्या मिश्या’ पुन्हा हवंय. मोठ्या वर्गातल्या मुलीनं चित्रांचं पुस्तक न्यावं का, असं तिच्या मैत्रिणीनं विचारलं. खुशाल न्यावं. पुरंदरेंच्या पुस्तकांत घर जसं असतं तसं असतं. माणसं रुसतात, कंटाळतात, दमतात आणि पसाराही करतात. त्यासाठी त्यांच्यावर कुणी डोळे वटारत नाही. लहान मुलाचं वागणं गमतीचं असतं आणि त्या मुलापुरतं पूर्ण गंभीरही असतं. या दोन्ही गोष्टी एकाच चित्रात धरणारं त्यांच्यासारखं माणूस मराठीत विरळा.

सकाळची ती मुलगी आली. मी तिला काही विचारलं नाही. कपाटापाशी माझ्याबरोबर बसून ती पुस्तकांना नंबर चिकटवत राहिली आणि हळूहळू स्वतःच बोलली. जे बोलली ते इथं लिहिण्याचं नाही. वर्गशिक्षिकांशी मी बोलले आहे. तिनं नेलं ते पुस्तक मात्र सांगते: ना. धों. ताम्हनकरांचं ‘चिंगी’. तिला आज वात्रट मुलगी हवी होती.

साडेबारा

शाळा सुटताना फाटकाशी एक वडील थांबले होते. “मॅडम, आमचा मुलगा ती कार्टूनची डायरीच वाचतो फक्त. त्यातला मुलगा किती आपमतलबी आहे! काही चांगलं द्या ना. गोष्टी वाचून मुलांना दुसऱ्याचं मन कळायला लागतं, असं शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय म्हणे.”

दोन्ही गोष्टींवर बोलायला हवं होतं. ते ज्याविषयी सांगत होते तो प्रयोग किड आणि कास्टानो या संशोधकांचा असावा. २०१३ साली ‘सायन्स’मध्ये तो छापून आला. त्यात मोठ्या माणसांना साहित्यिक दर्जाचा थोडा मजकूर वाचायला दिला होता आणि मग नुसत्या डोळ्यांच्या फोटोवरून भावना ओळखायला सांगितल्या होत्या. पुढं इतरांनी तोच प्रयोग करून पाहिला, तेव्हा तसा परिणाम दिसला नाही. गोळी घेतली की ताप उतरतो, तसं एका पुस्तकानं मन मोठं होतं असं वचन मी कुठल्याच पालकाला देत नाही. भरपूर वाचणं, त्याविषयी मोकळं बोलणं आणि घरात कुणीतरी ऐकून घेणारं असणं, हे सगळं बरोबर लागतं.

आणि ती डायरी. ‘डायरी ऑफ अ विम्पी किड’मधला ग्रेग आपमतलबी आहे, हे खरंच. पण जेफ किनी या लेखकाला ते ठाऊक आहे आणि वाचणाऱ्या मुलालाही. पहिल्याच भागात ग्रेग आपल्या मित्राचा, राउलीचा, कोट घालून बालवर्गातल्या मुलांना गांडूळ दाखवून पळवतो आणि शिक्षा राउलीला होते. ग्रेग गप्प बसतो. सगळं ग्रेगच्याच तोंडून येतं, तो स्वतःची बाजू रंगवून सांगतो आणि वाचणारा हसता हसता मनात राउलीच्या बाजूला जाऊन उभा राहतो. हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. मी त्या गृहस्थांना म्हटलं, आज घरी मुलाला विचारा, गांडुळाच्या भानगडीत राउलीचं काय झालं. पुस्तक चांगलं की वाईट ते विचारू नका. फक्त राउलीचं विचारा. ते बघतो म्हणाले.

दुपारी एक ते तीन

डबा, दाखल नोंदवही, फाटलेल्या पुस्तकांना डिंक. खरेदीची यादी आणि मोठ्या बाईंची सही.

तीन ते साडेपाच

अप्पा बळवंत चौक. शालेय पुस्तकांची दुकानं, वह्यांचे गठ्ठे, गाइडं मागणारे पालक आणि मधूनच रस्ता काढणाऱ्या दुचाक्या. माझ्या ओळखीच्या दुकानात काका मला मागच्या फळ्यांपाशी जाऊ देतात, स्टूलही देतात. त्यांना ठाऊक आहे, ही बाई पुस्तक घेण्याआधी वाचणार.

आधी चित्रं बघते. आजही पुष्कळ पुस्तकांत आई स्वयंपाकघरात आणि बाबा वर्तमानपत्रामागे सापडतात. चष्मेवाला मुलगा हुशार असतो, जाडा मुलगा खादाड असतो आणि काळ्या रंगाचा माणूस चोर असतो. पाच वर्षांचं मूल अक्षर लावायच्या आधी हे सगळं वाचून मोकळं होतं. मग कुणी बोललं की हसू यावं अशी योजना आहे, ते शोधते. मराठी विनोदात तोतरा, बहिरा आणि घरकाम करणारा गडी ही ठरलेली गिऱ्हाइकं आहेत. जुन्या पुस्तकांत तर आहेतच, पण आज स्टुलावर बसून चाळलेल्या एका ताज्या छपाईच्या पुस्तकातही बहिऱ्या आजोबांवर तीन पानं खर्चली होती. आजोबा काहीतरी भलतंच ऐकतात, सगळे हसतात आणि आजोबांना मात्र लोक का हसताहेत ते कळत नाही. माझ्या वाचनालयात कानाला यंत्र लावून येणारी एक मुलगी आहे. हे पुस्तक घेतलं तर तिला मी कुठल्या तोंडानं सांगू की ही गंमत आहे?

विनोदात ऐकू कमी येणारं माणूस असूच नये, असं मी म्हणत नाही. असावं, भरपूर असावं. भलतंच ऐकू आल्याचं निमित्त करून नको ते काम टाळणारे आजोबा असते, तर मी त्या पुस्तकाच्या पाच प्रती घेतल्या असत्या. तिथं आजोबांना गंमत ठाऊक असती आणि नातवंडांबरोबर तेही हसले असते.

बोलीचंही तसंच. पुस्तकातली आई, बाबा आणि बाई पुणेरी प्रमाण मराठी बोलतात, आणि वऱ्हाडी किंवा अहिराणी बोलणारं पात्र येतं ते वेंधळेपणा करायलाच. ‘ण’च्या जागी ‘न’ म्हणणाऱ्यावर हसायची मुभा आपण छापून देतो. आमच्या वर्गांत घरी वडारी, कैकाडी, गोरमाटी, हिंदी, नेपाळी बोलणारी मुलं आहेत. शाळेत तोंड उघडण्यापूर्वी ती आधी दोनदा विचार करतात. आज एक पातळ पुस्तक मिळालं, त्यात आजी आणि नात बोलीत भांडतात आणि प्रत्येक भांडणात आजी जिंकते. खाली अर्थ दिलेले नाहीत आणि त्यांची गरजही नाही. ते घेतलं.

सगळ्यात शेवटी शेवटचं पान. तिथं जाड टायपात ‘तात्पर्य’ दिसलं की पुस्तक परत फळीवर. “ताई, पालक तेच मागतात,” काका म्हणाले. म्हणाले ते खरं आहे, त्यांना दुकान चालवायचंय. पण तात्पर्य लिहिणाऱ्याचा स्वतःच्या गोष्टीवर विश्वास नसतो, आणि मुलावर तर त्याहून नसतो. सकाळच्या त्या ड्रेनेजच्या तासाचं तात्पर्य कुणी लिहून दाखवावं!

साडेपाचला गठ्ठा बांधला. ‘तोत्तोचान’ची आणखी एक प्रत हवीच होती, आहे त्या प्रतीची शिवण सुटली आहे. पुरंदरेंच्या पुस्तकांचा संच घेतला. अनिल अवचटांचं ‘सृष्टीत गोष्टीत’ घेतलं, त्याला २०१० साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला आहे. पैसे उरावेत म्हणून काही गोष्टी विकत घ्यायच्याच नाहीत, हेही ठरलेलं असतं. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे अंक इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वरच्या मराठी गोष्टी छापून, टाचून वर्गात देता येतात. तेवढे पैसे नव्या पुस्तकांकडे वळतात.

संध्याकाळी सात

घरी. भाकरी, पिठलं, धाकट्या भाच्याचा फोन.

रात्री नऊ

नववीसाठी अजून ठरत नव्हतं. या वयाला चित्रांची पुस्तकं लहान वाटतात आणि मोठ्यांच्या कादंबऱ्या लांब. वर्गात मुलगे आणि मुली दोन टोकांना बसतात, एकमेकांना नावं ठेवून हसतात. हळवं काही वाचलं की पहिला फिदीफिदी आवाज मुलग्यांच्या बाकांवरून येतो. हळवं व्हायची त्यांना भीती वाटते, म्हणून ते हसतात, हे मला दिसतं.

त्यांच्यासाठी प्रकाश नारायण संतांचा लंपन काढला. ‘वनवास’ हा त्याच्या गोष्टींचा पहिला संग्रह १९९४ सालचा. आईवडिलांपासून दूर, आजीआजोबांकडे सीमाभागातल्या गावात राहणारा हा मुलगा. बोलणं अफाट अतिशयोक्तीचं, आकडे वाट्टेल ते, डोक्यात सतत काहीतरी चाललेलं. पहिली दोन पानं कुठलाही मुलगा हसतच वाचतो. आईची आठवण लंपन थेट सांगत नाही. ती आली की तो विषय बदलतो, काहीतरी वेडगळ हिशोब काढतो, आणि तिथंच वाचणाऱ्याला ती लागते. फिदीफिदी हसून आपलं मन झाकणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलाला असाच, गमतीत मन झाकणारा सोबती भेटला, तर त्याला स्वतःविषयी काही सांगायला शब्द सापडतील. मित्राविषयीही.

लंपनच्या मैत्रिणीचे, सुमीचे, प्रसंग वाचायचे की नाही, यावर थोडा वेळ गेला. मुलगा-मुलगीची मैत्री म्हटलं की वर्गात खसखस पिकणार. पिकू दे. लंपनला सुमीसमोर जे गोंधळायला होतं, ते त्या वर्गातल्या निम्म्या मुलांना रोज होतं, आणि एखाद्या मुलाचं गोंधळणं इतक्या आदरानं लिहिलेलं त्यांनी अजून कुठं वाचलेलं नाही. मोठ्यानं वाचून बघितलं. एका जागी वाक्य लांब आहे, तिथं श्वास घ्यायची खूण केली. कानडी शब्दांचे उच्चार शेजारच्या बेळगावकर काकूंना विचारून पेन्सिलीनं लिहून घेतले.

उद्या पहिला तास नववी ‘ब’चा. सुरुवात लंपनपासून, मधली दहा मिनिटं त्यांच्या बोलण्यासाठी मोकळी. सहावीत तोत्तोचानच्या शाळेतला क्रीडामहोत्सव वाचायचा आहे. कोबायाशींनी शर्यतीच अशा ठरवल्या की ज्याची उंची वाढणार नाही असा ताकाहाशी सगळ्यांत पहिला येतो. बक्षिसं भाज्यांची, घरी नेऊन शिजवायची. ड्रेनेजवाल्या पप्पांच्या मुलानं ते पुस्तक आधी स्वतः वाचायला मागितलंय, म्हणून दुसरी प्रत त्याच्या नावावर नोंदवून दप्तराजवळ ठेवली आहे.